पळसाच्या देठांचे मोठेबाबा

मोठेबाबांना आम्ही पंचावन्न साली जाळलं, तेव्हा ते तिथे नव्हतेच.

आज सर्वपित्री अमावास्या. ज्यांच्या जाण्याची तिथी ठाऊक नाही, त्यांचा दिवस. म्हणून ही पोस्ट आज.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गाव तेल्हारा, घराणं भिक्षुकाचं. समुद्र कुणी चित्रातही धड पाहिलेला नाही. असा माणूस बोटीवर पोचलाच कसा, याचं मला अजून नवल वाटतं.

बाबा सांगायचे, कापसाच्या गाठी लादलेल्या गाड्या दिसल्या की मोठेबाबा विचारत, "ह्या जातात कुठं?"

कोणी म्हणे अकोल्याले. कोणी म्हणे मुंबईले.

"अन् तिथून?"

तिथून पुढचं कोणालाच माहीत नव्हतं. मग हेच निघाले बघायला!

धामणगावच्या स्टेशनावर तार शिकले, मुंबईत वायरलेस, आणि थेट मालवाहू बोटीवर नोकरी. तिथून एक पत्र आलं होतं. "समुद्राचं पाणी आपल्या विहिरीसारखंच आहे. पिववत नाही."

आमच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. बाकीच्यांनी कधीतरी येऊन एक घोट घ्यावा.

त्रेचाळीस साली, लढाईत ती बोट बुडाली. तारेत एवढंच होतं की बोट गेली, माणसं बेपत्ता.

त्यांची बायको, आमची मोठ्याई, तेव्हा सतरा वर्षांची. बेपत्ता म्हणजे मेलेला नाही, असं तिने धरलं. बारा वर्षं रोज कुंकू लावलं.

बारा वर्षं माणूस सापडला नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं शास्त्र आहे. आमच्या आजोबांनी, आबांनी, हा विधी दुसऱ्यांच्या घरी केलेला. आता पाळी स्वतःच्या मुलाची.

"माहं वय झालं सूनबाई. मी गेल्यावर त्याचं कोन करंल? तसाच लटकून राहील तो."

मी नऊ वर्षांची, तिथेच बसलेली. मला वाटलं मोठ्याई रडेल. तिने विचारलं,

"अन् मंग ते आले त, मामंजी?"

आबांना खोटं बोलता येत नसे. शास्त्राबाबत तर मुळीच नाही.

"आला त पुन्यांदा जन्माले घालतात. तुपानं न्हाऊ घालून बारसं, मुंज, सारं पहिल्यापासून."

"अन् लगीन?"

"लगीन बी. त्याच बायकोशी."

मोठ्याईने जरा विचार केला.

"मंग करा."

परसात आबांनी पुतळा मांडला. तीनशे साठ देठ, डोक्याच्या जागी नारळ. आम्ही सगळे वाकून बघत होतो.

मोठ्याई म्हणाली, "हे एवढे उंच नव्हते."

आबा म्हणाले, "देठ कमी करता येत नाईत वं." आणि खाली बसले. हातातले देठ तसेच धरून बाप हमसून हमसून रडला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

मोठ्याईनेच त्यांच्या हातातून देठ घेतले आणि एकेक करून पुढे देत राहिली. सगळं झाल्यावर आत जाऊन कुंकू पुसलं.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "ते आले त तू खरंच लगीन करशीन?"

"आदी दोन लावीन त्याईले. मंग करीन."

ती जाऊन तीस वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यातही दाराशी अनोळखी आवाज आला की मान वळवून बघायची. खरं सांगते, तिच्यानंतर मीही बघते. ऐंशीला टेकले तरी.

आज सहज मोजलं. मोठेबाबा आता शंभरी ओलांडून पुढे गेले असते.

मोठेबाबा, तिचं वाट बघून झालं. माझंही झालं.

आता आला नाहीत तरी चालेल.

तुमच्या पुतणीची, मनापासून श्रद्धांजली.