आईच्या पेटीचं कुलूप

मी शाळेत गणित शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जो घोळ घातला तो गणिताच्या बाईलाच शोभणारा आहे.

गेल्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरात आम्ही दोघीच. दवाखान्यातून आणल्यावर तिसऱ्या दिवशी ती डाव्या हातानं पलंगाखालची पत्र्याची पेटी दाखवायला लागली. दाखवायची, माझ्याकडे बघायची, परत दाखवायची. पेटीला तीन चकत्यांचं नंबरचं कुलूप होतं. ते मूळचं माझं, बी.एड.ला हॉस्टेलवर होते तेव्हाचं. पुढे आईनं ते मागून घेतलं. त्याचा नंबर मी कधीच विसरले होते आणि लिहून कुठंच ठेवला नव्हता. आईला तर आकडेही वाचता येत नाहीत.

पेटीत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. पूर्वी विचारलं की म्हणायची, "माजं हाय. तुला काय करायचंय?" आता तेच तिला हवं होतं. दुसरा झटका आला तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तो यायच्या आत मला ती पेटी उघडून द्यायची होती.

मी खाली बसले, पेटी ओढली आणि सगळ्यात आधी तिन्ही चकत्या फिरवून शून्यावर आणल्या. सुरुवात पद्धतशीर असावी म्हणून. आईनं डावा हात उचललेला मला दिसला, पण मला वाटलं, ती घाई करतेय.

जन्मतारखा लावून पाहिल्या, घरनंबर लावला. मोबाईलवर एकानं दाखवलं होतं की कडी ताणून धरायची आणि चकती हळूहळू फिरवायची, जिथं अडकेल तो आकडा खरा. आमचं कुलूप वापरून इतकं सैल झालेलं की मला प्रत्येकच आकडा खरा वाटायचा. शेवटी किल्लीवाल्याला बोलावलं. "दोन मिंटाचं काम हाय बाई, नवं घ्या की," म्हणत त्यानं करवत काढली. करवत पाहिली आणि आई रडायला लागली, आवाज न करता, तोंड एका बाजूला ओढून. तो बिचारा चहा न घेताच गेला.

मग एके दिवशी तिनं बोटं दाखवली. आधी तीन, मग पाच, मग दोन. मला इतका आनंद झाला की पेटीपाशी जाताना मी पाण्याचा तांब्या लवंडला. तीनशे बावन्न लावलं, उघडलं नाही. उलटं लावलं, आलटून पालटून सगळं लावलं. आई मान हलवत राहिली. शेवटी मी पेटी तिच्या पलंगाला टेकवली. तिनं डाव्या अंगठ्यानं पहिली चकती तीन घरं मागे घेतली, दुसरी पाच, तिसरी दोन. आकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. कडी ओढली आणि ती हलेना, तेव्हा माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मला आठवलं. कुलूप देताना मी तिला आकडे शिकवायला बसले होते, तर म्हणाली होती, "आकडं तुज्या शाळंत ऱ्हाऊ दे. किती डाव कट्ट वाजतंय, तेवडं मला कळतं." ती कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीची, मोजायची कन्नडमध्ये, ओंदु, एरडु, मूरु. कुलूप लावलं की पहिली चकती तीन घरं पुढे, दुसरी पाच, तिसरी दोन. उघडताना तितकीच मागे. इतकी वर्षं चष्म्याशिवाय, वीज गेलेली असतानासुद्धा ती ते असंच उघडत होती. तिला नंबर कधी लागलाच नव्हता. तिनं जसं ठेवलं होतं तसं कुलूप राहायला हवं होतं, आणि ते मी पहिल्याच मिनिटाला शून्यावर आणून ठेवलं होतं. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

आता हजारच्या हजार आकडे लावून बघण्यावाचून गत नव्हती. आई चाळीस वर्षं विड्या वळत होती, दिवसाला हजार. पंचवीसचं एक बंडल, अशी चाळीस बंडलं, कारखान्यात द्यायची आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागायची. मी दोनशे आकड्यांवर थकायचे. शाळेतून आले की रोज बसायचे, ती बघत पडलेली असायची. पाचव्या दिवशी आठशे एकेचाळीसला कडी सुटली.

पेटीत विड्या वळायचं सूप होतं. कात्री, पानं कापायचं पत्र्याचं माप, दोऱ्याचं रीळ आणि फडक्यात गुंडाळलेली विडीची पानं. तंबाखूचा वास अजून होता. मला बघायला पाहुणे येणार होते त्या वर्षी मीच तिला म्हणाले होते की हे सगळं टाकून दे, घराला वास येतो. गल्लीतल्या बाईला दिलं, असं तिनं सांगितलं होतं. पाहुणे तसेही परत गेले.

तिनं खूण केली तसं मी सूप तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं डाव्या हातानं सुपातली कात्री उचलून माझ्याकडे धरली, मग एक पान दिलं, आणि वाट बघत राहिली. मला विडी वळता येत नाही. लहानपणी सुपाजवळ गेले की हातावर चापट बसायची, "जा, अभ्यास कर." तरी मी पान कापायला घेतलं. ते वाळून गेलेलं होतं, कात्री लावताच त्याचा चुरा झाला. दुसऱ्याचाही झाला.

आईनं सूप बाजूला सरकवलं. मी सगळं पेटीत परत ठेवलं, कडीत कुलूप अडकवून दाबलं. तिनं हात लांब करून चकत्या फिरवल्या, तीन, पाच, दोन, आणि भिंतीकडे तोंड केलं. नंबर मला आता पाठ आहे. त्यानंतर तिनं पेटी एकदाही दाखवलेली नाही.