आतोबांची फळी

कर चुकवणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, कुरकुरत का होईना पण कर भरणारीही पुष्कळ असतात. पण कर भरला नाही म्हणून स्वतःच स्वतःला शिक्षा ठोठावणारा आणि ती हौसेनं भोगणारा माणूस सबंध माळव्यात एकच झाला, आणि तो आमच्या घरातला आहे. माझे आतोबा, म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. आम्ही देवासचे आणि ते धारचे. धारला त्यांचा जुना छापखाना आहे, आणि तिथल्या मराठी घरात लग्न निघालं की पत्रिका अजूनही त्यांच्याकडेच छापायला येते. लोक आपल्या नात्यातल्या मोठ्या साहेबांची ओळख सांगतात, मी आतोबांची सांगतो. ऐकणारा आधी हसतो, मग गप्प होतो, आणि मग त्यांना एकदा भेटायचं आहे म्हणतो.

फुकटचं काही घ्यायचं नाही, हा त्यांचा मूळ आजार. बाकीचे सगळे विक्षिप्तपणे याच्या फांद्या. शेववाल्यानं चव बघा म्हणून हातावर चार काड्या ठेवल्या की पावशेर घेतल्याशिवाय यांचा पाय दुकानातून निघत नाही, त्यामुळे आत्याच्या घरी शेवेचा डबा रिकामा झालेला मी जन्मात पाहिला नाही. भाजीवालीनं वरून टाकलेली कोथिंबीर परत द्यायला ते निम्म्या वाटेवरून मागे फिरलेले आहेत. एकदा बदनावरला लग्नाला गेले तर आहेराचं पाकीट दिल्याशिवाय पानावर बसेनात. वरमाई म्हणे, आधी जेवून घ्या, पाकीट कुठे पळतंय. हे म्हणे, आधी पाकीट. वाढपी भात घेऊन उभे, पंगत खोळंबलेली, आणि आत्या पदरात तोंड लपवून बसलेली. शेवटी नवरदेवाला मांडवातून उठून येऊन पाकीट घ्यावं लागलं तेव्हा घास खाली उतरला.

अशा माणसाचं आणि नगरपालिकेचं वाजलं ते घरापुढच्या नालीवरून. नाली तुंबलेली, अर्ज देऊन झालेले, आणि त्यातच घराचा कर वाढल्याचा कागद आला. मी त्या दिवशी तिथेच होतो. आतोबांनी चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाले, "कर म्हणजे काय रे? मला न विचारता माझ्या खिशात घातलेला हात. चोरानं घातला तर चोरी, आणि सरकारनं घातला तर कर? मी नाही देणार." इथवर सगळं ठीक होतं. हे वाक्य जेवताना प्रत्येक घरात कोणी ना कोणी म्हणतच असतं आणि मग दही मागतं. पण आतोबांनी दही मागितलं नाही. दोन घास खाऊन ते म्हणाले, "पण न देता घेणं ही पण चोरीच झाली. तेव्हा आजपासून त्यांचं घेणंही बंद."

दुसऱ्या दिवशी कोट-टोपी घालून ते नगरपालिकेत गेले आणि चक्क लेखी अर्ज दिला, की मी कर देणार नाही, सबब आपली कोणतीही सोय वापरणार नाही, नळ तोडून न्यावा. बाबूनं अर्ज दोनदा वाचला. "काकाजी," तो कळवळून म्हणाला, "नहीं भरना तो मत भरो, कितने लोग नहीं भरते! एप्लीकेशन काहे को देते हो?" आतोबांना हा सल्ला फार लागला. आपल्याला कोणी साध्या बुडव्यांच्या रांगेत बसवावं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

मग सुरू झालं ते व्रत. रस्ता नगरपालिकेचा, म्हणून रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. छापखाना गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. तर हे एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर असे जायचे. ओटे खासगी, पण कोणाच्या ओट्यावरून जायचं तर दोन शब्द बोलावे लागतात, आणि दोन शब्द बोललं की चहा येतो, त्यामुळे पाच मिनिटांच्या वाटेला सकाळ संपू लागली. जिथे दोन ओट्यांमध्ये अंतर होतं तिथे त्यांनी छापखान्यातली कागदाची रिमं ठेवायची सागवानी फळी आणली. ती काखेत मारून निघायचं, पुढे टाकायची, वरून जायचं, उचलायची. जिथे अंतर फळीहून जास्त तिथे फळी सरळ रस्त्यावरच टाकायची. हे नियमात बसतं का, यावर त्यांनी एक अख्खा दिवस विचार केला आणि निकाल दिला, की रस्त्यावर फळी आहे, मी फळीवर आहे. समोरचा किराणावाला रोज ओरडायचा, "भिया, नीचे उतर जाओ, सड़क काटेगी नहीं!" आणि आतोबा फळीवरून, एक हात वर करून, मिरवणुकीतल्या सरदारासारखे पुढे जायचे.

संध्याकाळी गल्लीत दिवे लागले की ते छत्री उघडत. नगरपालिकेचा उजेड अंगावर पडायला नको. थंडीचे दिवस, आभाळ निरभ्र, आणि हे छत्रीखाली. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत यायची तर हे कानात कापसाचे बोळे घालत, कारण गाणंही कराच्या पैशातूनच वाजणार. घरातला कचरा परसात खड्डा करून पुरत. माझे वडील देवासहून फोनवर हसत म्हणायचे, "त्यांना म्हणावं, आमच्याकडे जन्माला आला असतात तर बरं झालं असतं. देवासात दोन राज्यं होती, रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. एकीशी पटलं नाही की रस्ता ओलांडून दुसरीत जायचं." आतोबांनी हा निरोप ऐकून गंभीरपणे विचारलं होतं, "पण ओलांडायचा तो रस्ता कोणत्या पातीचा?"

हसायचं सगळं ठीक. पण या व्रतानं एक गोष्ट खरोखर हिरावून घेतली होती, आणि ती आत्याची होती. धारेत साडेबारा तलाव सांगतात. त्यातला अर्धा कोणता यावर अजून एकमत नाही, पण एक पुरा तलाव आत्याच्या घरामागच्या चढावर आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून रोज संध्याकाळी ती आणि आतोबा तिथे जात. फार बोलत नसत. पाणी कितव्या पायरीवर आलं ते बघायचं, थोडं बसायचं, परत यायचं. एवढंच, पण दिवसभराच्या स्वयंपाकपाण्यानंतर आत्याचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. आता वाट नगरपालिकेची, पायऱ्या नगरपालिकेच्या, दिवेही त्यांचेच. आत्या एकटी जाऊ लागली. हे गल्लीच्या शेवटच्या ओट्यावर छत्री उघडून ती परत येईपर्यंत उभे राहत. ती आली की विचारत, "पाणी कुठवर आहे?" आणि ती न थांबता म्हणायची, "यायचं आणि बघायचं." मी एकदा तिला म्हटलं, आत्याबाई, भांड ना जरा. तर म्हणाली, "भांडून काय होऊन राहिलं? ते खोटं वागत असते तर भांडले असते. खरेपणाशी कसं भांडू?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मला आतोबांचा रागही आला होता, हे खरं आहे.

पाण्याचा प्रश्न मात्र त्यांना कधी पडला नाही, कारण परसात विहीर होती. त्यांच्या पणजोबांनी स्वतः पैसे देऊन खणवलेली, दगडानं बांधलेली, बारमाही. येईल त्याला ते विहिरीवर नेत, पोहरा ओढून पाणी पाजत आणि म्हणत, "पी. यात सरकारचा एक थेंब नाही." त्या वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. सगळ्या व्रताचा आधार ती विहीर होती.

उन्हाळ्यात नगरपालिकेनं गाळ काढायला तलावातलं पाणी सोडून दिलं, आणि आठवड्याभरात आतोबांची बारमाही विहीर तळाला गेली. पोहऱ्यात चिखल आला. मी तेव्हा तिथे गेलो होतो. आतोबा काठावर हात टेकून आत बघत होते, आणि आत्या मागे उभी होती. ती म्हणाली, "तलाव उतरला की विहीर उतरते. लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाईंनी सांगितलं होतं. पाणी तलावाचंच झिरपतं ना."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का? तुमचं म्हणणं असतं ना, सगळं विचारून करावं."

आतोबा खाली बसले. मला वाटलं, आता नवीन काहीतरी काढतील, टँकर विकत घेतील. पण ते अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मी फुकटचं पीत होतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तो तलाव कोणत्यातरी राजानं बांधला असेल, पण पैसा कोणाचा? ज्यांनी धान्य दिलं, वेठीला माती वाहिली, त्यांचा. त्यांनाही कोणी विचारलं नसणार रे. ते गेले, आणि त्यांचा कर आपण इतकी वर्षं पितोय. आता त्यांचं त्यांना कसं परत करणार? मागच्यांचं पुढच्यांना द्यायचं, एवढंच होण्यासारखं आहे."

ते उठले, कोट-टोपी चढवली आणि फळी न घेता रस्त्याच्या मधोमध चालत निघाले. सगळी गल्ली ओट्यांवर आली. "भिया, पाटिया किधर?" किराणावाल्यानं विचारलं. "घर पे आराम कर रहा है," आतोबा म्हणाले. नगरपालिकेत तोच बाबू होता. त्यानं आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं, की काकाजी, आजकल छूट चल रही है, सरचार्ज माफ. आतोबा कडाडले, "माफ कोण करून राहिलं? मला विचारलं?" आणि दंडासकट पैसे भरून पावती घेतल्यावरच खुर्चीवर बसले. बसले ते नालीवरून भांडायला. "आता ऐका," ते म्हणाले, "आता माझा हक्क आहे." नाली त्या महिन्यात साफ झाली. नंतर पुन्हा तुंबली, आणि आतोबा पुन्हा गेले. अजूनही जातात. बाबू लोक त्यांना बघून आधी खुर्ची पुसतात, मग कपाळ.

त्याच संध्याकाळी ते आत्याबरोबर तलावावर गेले. तलाव कोरडा होता, पायऱ्या मोजायला पाणीच नव्हतं, तरी दोघं नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. पुढे तलाव भरल्यावर आतोबांनी ती सागवानी फळी वर नेली आणि काठावरच्या कडुलिंबाखाली दोन दगडांवर पक्की बसवली, आत्याला पायरीवर बसताना गुडघे दुखतात म्हणून. बरीच वर्षं दोघं त्या फळीवर बसली.

आता आत्याला चढ चढवत नाही. आतोबा एकटे जातात, आणि घरी आल्यावर पाणी कुठवर आहे ते तिला सांगतात. परवा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. फळीवर शाळेतल्या दोन मास्तरणी डबा उघडून गप्पा मारत बसल्या होत्या, आणि उरलेल्या जागेत एक म्हातारा पाय पसरून झोपलेला. आतोबांचेही पाय आता थरथरतात. मी पुढे होऊन सांगणार होतो, की ही फळी यांची आहे, जरा सरकता का. आतोबांनी माझं मनगट धरलं. "बसू दे. सरकारी आहे," ते म्हणाले, आणि काठीवर भार देऊन पाण्याकडे बघत उभे राहिले.

घरी आलो तेव्हा आत्या दारातच खुर्ची टाकून बसली होती. पाणी कितव्या पायरीवर आहे ते त्यांनी सांगितलं. मग तिनं विचारलं, "आणि फळीवर बसलात की नाही थोडं?"

"छे," आतोबा ताठ उभे राहून म्हणाले, "जागाच नव्हती!"