डब्यांच्या गळ्यातले दोरे

कुंभकोणमला आमचा छोटा छापखाना होता. पायाने चालवायचं एकच यंत्र आणि शाईचे चार डबे. तरीही लेबलाला कोणते रंग घ्यावेत हे विचारायला लोक थेट तिरुविडैमरुदूरहून अप्पांकडे यायचे. अप्पांची परीक्षा ठरलेली होती. नमुना समोरच्या भिंतीवर चिकटवायचा, रस्ता ओलांडून आमच्या ओट्यावर यायचं, डोळे अर्धवट मिटायचे आणि वाचायचं. वाचता आलं नाही तर कागद रद्दीत.

आई गेल्यावर मी छापखान्यात बसू लागले. वय एकोणीस आणि प्रश्न विचारण्याची हौस दांडगी. "तुम्ही रंग निवडता कसे?" मी सारखी विचारायची.

"रंग राहूं दे गे. उजेड किती, अंधार किती, तेवढें पाहा," अप्पा म्हणायचे. मला वाटे, स्वारी हातचं राखून बोलतेय.

मग कातरलेली सुपारी विकणारा एक व्यापारी पुडीचं लेबल करून घ्यायला आला. मी म्हटलं, आता मीच करून दाखवते. विड्याचं पान हिरवं, रंगलेले ओठ लाल. यात एवढा विचार कसला? हिरव्या जमिनीवर लाल अक्षरं छापून नमुना मी अप्पांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"अक्षरें कोठें आहेत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी टपोरी अक्षरं, आणि हे माझी थट्टा करतात! दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. राग आला की मी घासायला काढते, अजूनही. शाईचे चारही डबे रॉकेलने लखलखीत केले. त्यांच्या गळ्यात आईने बांधलेले मळकट दोरे होते, तेही कापून फेकले. खुंटीला टांगण्यासाठी असतील, असं वाटलं.

राग ओसरल्यावर मी तो नमुना भिंतीवर चिकटवला आणि ओट्यावरून पाहिला. लाल अक्षरं हिरव्यात बुडून गेली होती. दोन्ही रंग सारखेच गडद. तीच अक्षरं शाई न लावता कागदाची पांढरी सोडून पाहिली, तर लख्ख दिसू लागली. अप्पांचं बरोबर होतं, हे मी मुकाट्याने कबूल केलं. एक गोष्ट मात्र मनातून जाईना. मला हे कळायला रस्ता ओलांडावा लागला. अप्पांनी तर कागद हातात धरून विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कावेरीवरून आले तेव्हा अप्पा एका लग्नपत्रिकेची छपाई संपवून बसले होते. दारासुरम्‌च्या एका विणकराच्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या रंगाचा कागद आणि त्यावर कुंकवाच्या रंगाऐवजी गडद हिरवी अक्षरं. सगळा गठ्ठा तसाच.

"कशी उठून दिसतात पाहा," अप्पा खुशीत म्हणाले.

मी वळून डब्यांकडे पाहिलं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या शाईने कधीच्याच काळ्या झाल्या होत्या; उरल्यासुरल्या मी घासून काढल्या होत्या. आणि मला ते दोरे आठवले. एकाला एक गाठ होती, दुसऱ्याला दोन.

विणकर दारात उभाच होता. काठाचा एक धागा चुकला तरी ओळखणारा माणूस. त्याने पत्रिका उचलली आणि तमिळमध्ये विचारलं, लग्नाच्या पत्रिकेला असला रंग का? अप्पांचा चेहरा उतरला. त्यांचा हात डब्याच्या गळ्याकडे गेला, चाचपडला आणि तसाच थांबला. त्यांना लाल-हिरवं कळत नाही ही गोष्ट दारासुरम्‌ला पोचली असती, तर पुन्हा कुणी त्यांना रंग विचारला नसता. आणि अप्पांना अभिमान होता तो तेवढ्या एकाच गोष्टीचा.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "डब्यांची सरमिसळ मी केली."

यात खोटं काहीच नव्हतं. विणकर मला बरंच बोलला. मग अप्पांकडे वळून म्हणाला, तुमच्यासारख्या रंगाच्या जाणकाराने पोरीच्या हाती डबे द्यावेत का? पत्रिका संध्याकाळपर्यंत पुन्हा छापून देण्याचं ठरलं.

तो गेल्यावर मी दोरा घेऊन बसले. विचारल्याशिवाय राहवलं नाही. "आईला कधी कळलं?"

"लग्नाच्या पहिल्या आठवड्यांत. तिचें हिरवें लुगडें मी लाल म्हटलों."

"मग?"

"हसली. नंतर दोरा घेऊन आली."

मला त्यांची कीव आली नाही. त्या दोघांचा हेवा वाटला, आणि ते दोरे कापणाऱ्या माझ्या हातांचा राग आला. मी गाठी मारून डबे त्यांच्यापुढे ठेवले. अप्पांनी एका डब्याच्या दोन गाठी अंगठ्याने मोजल्या.

"हा कोणता?" त्यांनी विचारलं.

"लाल."

त्यांनी डबा हळूच माझ्याकडे सरकवला. "ती लालला एकच बांधायची गे."