सोलायचा राहिलेला बटाटा

बाजारात ‘राणी’ बटाटा दिसला की माझी मावशी गुपचूप पलीकडच्या रांगेत जाते. विक्रेता नुसतं ‘राणी घ्या, राणी’ ओरडतो आणि हिची मान खाली. लोकांना वाटतं, गुलाबी सालीवरून नाव पडलं असेल. कसली साल घेऊन बसलात! त्या नावात मावशीची फजिती आहे.

बटाट्याच्या नव्या जाती तयार करणाऱ्या केंद्रात ती कामाला होती. तिथला रिवाज असा की ठेवायच्या बटाट्यांच्या पिशवीचं तोंड बांधायचं, टाकाऊंची पिशवी उघडी सोडायची. टाकाऊ बटाटे कामगारांनी घरी न्यावेत. त्या दिवशी सायकलवर सांडायला नकोत म्हणून मावशीने टाकाऊ पिशवीलाही गाठ मारली आणि निघताना उचलली भलतीच.

घरी सगळ्यांनी बोटं चाटत भाजी खाल्ली. सकाळी केंद्रात साहेब एका नव्या झाडाची पिशवी शोधताना दिसले, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्या झाडाचं तेवढंच बियाणं होतं. घरी धावत आली, तर टोपलीत एकच उरलेला, सुपारीएवढा. सोलायचा कंटाळा केला म्हणून वाचलेला. तो साहेबांच्या टेबलावर ठेवून तिने झालं ते सांगितलं.

दारातून बघणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "सगळी प्रजा खाल्ली हिने, राणी तेवढी ठेवली." हशा पिकला. साहेब हसले नाहीत की रागावले नाहीत. चवीला कसा होता, एवढंच त्यांनी विचारलं.

आता चांगला म्हणावं तर नुकसान आणखी मोठं. मावशी म्हणाली, पाणचट होता.

मग गेला तर गेला, असं म्हणत साहेबांनी तो एकुलता एक बटाटा कचऱ्याच्या बादलीकडे नेला. मावशीने बादलीवर हात आडवा धरला.

"खोटं बोलले मी, साहेब. असा बटाटा जन्मात खाल्ला नाही. मी तर पातेलं खरवडलं."

साहेबांनी तोच लावला. पुढे त्याची पोतीच्या पोती झाली. नाव ठेवायची वेळ आली, तेव्हा त्या भल्या माणसाने तोच टोमणा उचलला. मावशीचा मान होईल असं त्यांना वाटलं. समारंभात तिला पहिल्या रांगेत बसवलं. मला त्यांचा अजून राग येतो. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ही आपल्या चपलांकडे बघत होती.

परवा मी मुद्दाम, न सांगता, तोच बटाटा शिजवला. पहिल्याच घासाला मावशी थांबली. मला वाटलं, आता ताट सरकवणार.

"खाल्ल्याची लाज कधीच गेली गं," ती म्हणाली. "पण पोटभर खाऊन वर त्यालाच पाणचट म्हणाले ना, ती काही जात नाही."

मग तिने ताट बोटाने पुसून घेतलं.