रेघेची गोळी

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "दोघींनाही टीबी आहे." ट्यूबरक्युलोसिस, म्हणजे क्षय, छातीत घर करणारा आजार. दोघी म्हणजे मी आणि माझी थोरली जाऊ.

"माझ्या पोरीला जवळ घेऊ का?" मी पहिलं हेच विचारलं.

"बिलकुल न्हाई. थुंकीत जंतू आहेत तोवर न्हाई."

माझी सोनी तेव्हा दीड वर्षाची. तिला तीर्थपुरीत सासूबाईंकडं ठेवलं आणि आम्ही जालन्याच्या दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर पडलो. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा थोडीच वर्षं झाल्ती.

इलाज दोघींचा एकच. स्ट्रेप्टोमायसिनची सुई, म्हणजे जंतू मारणारं औषध, आणि रोज गोळ्या. पण गोळ्यांत फरक होता. जाऊबाईंचा भाऊ हैदराबादेत कारकून. तो रंगीत डब्बी पाठवायचा, तिच्यावर सोनेरी इंग्रजी नाव. माझ्या गोळ्या दवाखान्याच्या बरणीतल्या, जुन्या कागदाच्या पुडीत बांधलेल्या. त्यांच्या गोळीवर मधोमध रेघ. माझी आपली नुस्ती पांढरी, खडूसारखी.

खोटं कशाला सांगू, माझा जळफळाट व्हायचा. जाऊबाईंना मूलबाळ न्हाई. सोनीला न्हाऊ त्याच घालायच्या, ती झोपायचीही त्यांच्याच मांडीवर. आता या डब्बीच्या गोळ्या खाऊन आधी घरी जाणार, पोर यांनाच आई म्हणणार, आणि मी इथं पुडीतल्या गोळ्या गिळत मरणार! त्यांनी संत्र्याची फोड पुढं केली तरी मी तोंड फिरवायची.

दर सोमवारी वजन व्हायचं. महिन्यानं जाऊबाई दोन रत्तल, म्हणजे किलोभर, वाढल्या, मी होते तिथंच. त्या दुपारी त्या न्हायला गेल्या आणि मी त्यांची डब्बी उघडली. रेघेच्या गोळ्या माझ्या पुडीत, पुडीतल्या त्यांच्या डब्बीत. नवी डब्बी आली, तेव्हाही तेच केलं.

मला भूक लागायला लागली. ताप पळाला. म्हटलं, बघा नावाच्या गोळीची करामत! पण मंग भीती शिरली. जाऊबाई खोकल्या की मी उठून बसायची. मी यांना मारून राह्यले, असं वाटायचं. आणि सोमवारी काट्यावर बघते तर काय, बाई माझ्यापेक्षा जास्त वाढलेल्या! माझ्या गोळ्या खाऊन! आधी हायसं वाटलं आणि लगेच पुन्हा पोटात दुखलं. मी आहेच अशी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शांता आमच्या वॉर्डात काम शिकायला आली. मूळची जालन्याची, हैदराबादला डॉक्टरकी शिकत होती. माझ्याच वयाची. तिच्या गळ्यात तपासायची नळी, माझ्या गळ्यात खोकला. तिचाही हेवा वाटायचाच. एकेकीनं गोळी गिळेपर्यंत ती समोर उभी राहायची. एक दिवस तिनं माझी पुडी पाहिली.

"ताई, बरणीतल्या गोळीला रेघ नसते. ही कुठली?"

मी रडत सगळं सांगून टाकलं. ती रागावली न्हाई. डब्बी आणली, बरणी आणली. डब्बीवरच्या सोनेरी नावाखाली मुंगीएवढी अक्षरं होती, त्यांच्यावर नख ठेवून तिनं वाचलं, "आयसोनियाझिड." मंग बरणीची चिठ्ठी दाखवली. मला इंग्रजी येत न्हाई, पण एकेक अक्षर ताडून पाहिलं. बराबर तेच!

"मंग वरचं मोठं नाव?"

"माहेरी तुम्हाला काय म्हणायचे?"

"ठकू."

"आणि सासरी?"

"लक्ष्मी."

"नाव बदललं, म्हणून बाई बदलली का? खालचं हे औषधाचं माहेरचं नाव. वरचं कंपनीनं ठेवलेलं. रेघ तिची, डब्बी तिची. आतलं औषध एकच."

"मंग आधी माझं वजन का वाढलं न्हाई?"

"तुमचा आजार जास्त पसरला होता, वेळ लागला. पण अशी अदलाबदल पुन्हा करू नका. औषध वेगळं असतं तर?"

म्हणून सांगते, तुमच्याही हातात कधी साधी पुडी आली तर नाक मुरडू नका. तिचं माहेरचं नाव विचारा. मला ते विचारायला एका शिकणाऱ्या पोरीनं शिकवलं, तिचे उपकार मी विसरणार न्हाई.

जाऊबाई व्हरांड्यात वेणी घालत बसल्या होत्या. मी म्हटलं, "जाऊबाई, मी तुमच्या गोळ्या..."

"ठाऊक हाय. पहिल्याच दिवशी कळलं. गोळीवर रेघ न्हाई, ते मला दिसत न्हाई का?"

"मंग बोलल्या का न्हाई?"

"तुझी पोर लहान हाय, लक्ष्मे. माझ्यामागं कोण रडणारंय?"

त्यांना तरी कुठं ठाऊक होतं दोन्ही गोळ्या एकच म्हणून? हलकी गोळी समजून त्या रोज गिळत होत्या, आणि वर मला संत्र्याची फोड देत होत्या. मला तोंड वर करवेना.

पुढं कितीतरी महिन्यांनी दोघींची थुंकी साफ निघाली आणि आम्ही एकाच मोटारीनं घरी आलो. सोनी ओट्यावर खेळत होती. तिनं दोघींनाही ओळखलं न्हाई. मी तिला उचललं, छातीशी धरलं, आणि जाऊबाईंच्या मांडीवर दिलं. पोटात जळलंच थोडं. पण दिलं.