आमचे मामाजी सुशी खातात

गुडीहत्नूरपासून बासरपर्यंत असा एकही माणूस सापडणार नाही, ज्याच्या पानात आमच्या मामाजींनी त्याच्या इच्छेविरुद्ध निदान एक बुंदीचा लाडू टाकलेला नाही. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. धंदा भाजीपाल्याचा. गुडीहत्नूरच्या रस्त्याला दोन एकर मळा, आणि सकाळी आदिलाबादच्या बाजारात गोणपाट अंथरून काकडी, वांगी, दोडके. पण हा झाला पोटापुरता उद्योग. त्यांचा खरा हुद्दा वाढप्याचा. नात्यात लग्न निघालं की आधी मामाजींना तारीख विचारतात, मग भटजींना. चाळीस वर्षं हा माणूस पंगतीत वाढतो आहे, आणि ‘नको’ हा शब्द त्यांच्या कानात शिरेपर्यंत त्याचा अर्थ ‘दोन वाढा’ असा झालेला असतो. एका तहसीलदारानं पानावर दोन्ही हात आडवे धरले तर मामाजींनी हातांवरच कढी वाढली, असं सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगतो, पण मामाजींनी अजून ते नाकारलेलं नाही. स्वतः मात्र ते शेवटच्या पंगतीलाही बसत नाहीत. मांडव रिकामा झाला की आचाऱ्याच्या पातेल्यापाशी उभ्या उभ्या गार भात आणि तळाचं वरण, की झालं जेवण.

तर अशा माणसाच्या टोपलीपाशी एक गिऱ्हाईक येऊ लागलं. मध्यम वयाचा, तेलुगू वळणाचं हिंदी बोलणारा, केस बारीक कापलेला माणूस. रोज दोनच काकड्या घ्यायचा, आणि त्याही पन्नास उलथ्यापालथ्या करून, हातातल्या बांबूच्या पट्टीला लावून सरळ निघतील त्याच. मामाजींच्या काकडीचा असा पंचनामा आजवर कोणी केला नव्हता. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलंच, “काऊन बाप्पा, काकडी खायची हाये का कुंपनाले खुटा ठोकायचा हाये?” तो म्हणाला, “आके देखो, मामा.” मामाजींनी टोपली शेजारणीच्या हवाली केली आणि त्याच्यामागे चालू लागले. स्वतःच्या काकडीचा माग काढत गेलेला शेतकरी मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

बसस्टँडच्या मागे, जिथे आधी झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे एक लांब फळी, आठ स्टुलं आणि फळीपलीकडे हा माणूस. मूळचा निर्मलचा. बारा वर्षं दुबईत एका जपानी हॉटेलात सुशी वळत होता, आता स्वतःचं दुकान काढून बसला होता. वाढायच्या लाकडी पाट्या निर्मलच्या खेळणीवाल्यांकडून करून घेतलेल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक पोपट. मासे हैदराबादहून बर्फाच्या डब्यात, बुधवारच्या बसनं. मामाजींनी त्याला तिथल्या तिथे ‘उस्ताद’ ही पदवी देऊन टाकली. उस्तादनं सुशीचा एक तुकडा पुढे ठेवला. भात हा ज्वारी खाणाऱ्या मामाजींच्या मते तापात खायचा पदार्थ, आणि तो आंबूस, गार, समुद्री शेवाळाच्या काळ्या पानात गुंडाळलेला असेल तर तापातसुद्धा नाही. पण आत त्यांची काकडी होती. पोटचं पोर नाटकात राजा झालं तर बाप कसा बघेल, तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मग खाऊन टाकलं. उस्तादनं विचारलं, “और एक?” मामाजी रीतीप्रमाणे म्हणाले, “नको नको, झालं.” उस्तादनं मान लववली आणि सुरी पुसून ठेवली. मामाजी आग्रहाची वाट बघत बसले. दहा मिनिटं बसले. उस्ताद भांडी घासायला लागला तेव्हा उठले.

संध्याकाळी आमच्याकडे आले ते फणफणतच. “जवाईबापू, मी नको म्हनलं तर तो खरंच थांबला. असा मानूस म्या पाह्यला नाई.”

दुसऱ्या दिवशी ते त्याला माणसात आणायला गेले. “उस्ताद, पाहुना नको म्हनते तवा तीनदा इचारा लागते.” उस्ताद म्हणाला, “नहीं बोले तो नहीं, मामा. पेट तुम्हारा है, मेरेकू क्या मालूम?” चाळीस वर्षांच्या वाढपाचा पाया एका वाक्यात हलला. शेवटी मामाजींनाच ‘हाव’, म्हणजे ‘हो’, म्हणायला शिकावं लागलं. आठवडा लागला. घरी सराव सुरू झाला, तेव्हा दुसऱ्या भाकरीला ते पहिल्याच हाकेत ‘हाव’ म्हणाले आणि मामींनी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग कच्च्या मासोळीचा बुधवार उजाडला. मामाजी लालबुंद तुकडा खाऊन आले आणि अभिमानानं सांगून बसले. मामींनी त्यांना दिवसभर पाण्याचा थेंब दिला नाही. म्हणाल्या, “पोटात पोहाले लागली तं कोन काढन?” सुशीबरोबर येणाऱ्या हिरव्या जपानी चटणीबद्दल मामाजींचं मत असं, की “हे तिखट लाजरं हाये, जिभेले भेटतच नाई, सरळ नाकात जाऊन बसते.” पण त्यात बदल केलेला त्यांना खपत नाही. मी एकदा खिशातून ठेच्याची डबी काढली, तर ती जप्त झाली. “त्या मानसाच्या हाताचा अपमान हाये हा, जवाईबापू.” दुबईतसुद्धा उस्तादची इतकी इज्जत कोणी राखली नसेल.

एकदा मी विचारलं, मामाजी, एवढं काय आहे त्या भातात? त्यांनी पाटीवरच्या पोपटावरून बोट फिरवलं. “एक करते, समोर ठेवते. मंग उभा राह्यते. मी खाल्लं का पाह्यते, मंगच दुसरा करते. एवढ्या पंगती वाढल्या म्या, जवाईबापू. माह्या घासासाठी कोनी थांबलं नवतं.”

दुकान चालत नव्हतं. लोक यायचे, फोटो काढायचे, ‘गरम कधी येते?’ विचारायचे आणि बिर्याणी खायला जायचे. पोळ्यानंतर उस्ताद म्हणाला, दुबईच्या जुन्या सेठचा फोन आला आहे, दसऱ्याआधी निघावं लागेल. मामाजी हरणारे नव्हेत. माझ्या मेहुणीला पाहायला पाहुणे येणार होते, तो कार्यक्रम त्यांनी घरून उचलून थेट आठ स्टुलांवर नेला. पोह्यांऐवजी सुशी. मुलाकडचे खानदानी लोक, एकेक तुकडा झाला की ‘नको’ म्हणायचे आणि उस्ताद थांबायचा. “आग्रह करा ना,” मामाजी कळवळून सांगत होते, पण उस्ताद आपल्या धर्माला जागला. वरपिता बाहेर गाडीत बसून केळी खात होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. लग्न मोडलंच असतं. पण मुलगा आणि मुलगी, दोघंही प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणत गेली, सगळ्यांच्या वाट्याचं खाऊन उठली आणि तिथेच ठरलं. दुकान मात्र त्यानं वाचलं नाही. उस्तादनं तिकीट काढलं.

निघायच्या आधीच्या बुधवारी मी मामाजींबरोबर होतो. थांब, जाऊ नको, असं ते म्हणतील असं मला वाटत होतं. पण या माणसानं जन्मात कुणाकडे स्वतःसाठी काही मागितलेलं नाही, त्याला ते वाक्यच येत नसावं. ते उठले, कोपरापर्यंत हात धुतले आणि फळीच्या पलीकडे गेले.

“उस्ताद, तिकडं बसा.”

“क्या हुआ, मामा?”

“बसा म्हनतो ना.”

उस्ताद बसला. आपल्याच दुकानातल्या स्टुलावर तो पहिल्यांदाच बसत होता, पाय कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. मामाजींनी हात ओले करून भात घेतला, दाबला, पुन्हा दाबला. बुंदीच्या लाडवापेक्षा थोडा मोठाच गोळा झाला. त्यावर मासोळीचा तुकडा ठेवला, तो एका बाजूनं घसरला, पुन्हा चढवला, आणि पाटी पुढे सरकवली. घ्या म्हणाले नाहीत, लाजू नका म्हणाले नाहीत. नुसते उभे राहिले. उस्तादनं पाटी जवळ ओढली. मग दोन्ही हातांनी उचलून खाल्ला, आणि खाताना मान वर केली नाही.

“चावल बहुत दबाया, मामा,” तो शेवटी म्हणाला.

“दाबला असन.”

“और एक बनाओ.”

मामाजींनी सहा बनवले. सहावा जरा बरा होता.

दसरा गेला, दिवाळी गेली. तिकीट वाया गेलं, उस्ताद अजून आहे. लग्नं ठरवायला मुलीकडचे-मुलाकडचे आता येतात, कॉलेजची पोरं येतात, बुधवारी आठपैकी पाच स्टुलं भरतात. सेठचा फोन मात्र मधूनमधून येतो. उस्ताद नंबर बघतो, हात पुसतो आणि बोलायला बाहेर रस्त्यावर जातो. तो परत फळीमागे येऊन उभा राहीपर्यंत मामाजी तोंडातला घास चावत नाहीत.