गुरुवारी दुपारी बारा वाजता

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. खात्याच्या फाइलमध्ये ती तीन ओळींत संपते. महिला सुखरूप सापडली. स्वतःच्या इच्छेने गेली होती. प्रकरण बंद. तिन्ही ओळी खऱ्या आहेत, म्हणूनच मला कोणी काही विचारलं नाही.

डॅलसजवळच्या एका शहरात मी डिटेक्टिव्ह होतो. ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच. २००४ च्या वसंतात एका शुक्रवारी एक तरुण इंजिनिअर बायको हरवल्याची तक्रार घेऊन आला, तेव्हा सार्जंटने त्याला सरळ माझ्या टेबलाकडे पाठवलं.

"काका, लोकांना काय सांगू मी? आई आलीये पुण्याहून. तिला काय तोंड दाखवू?"

हरवलेल्याचे नातेवाईक सहसा आधी विचारतात, जिवंत असेल ना? याने ते विचारलं नाही. घरी पाहणीला गेलो, तर त्याने मला ड्रॉवरचं तुटलेलं कुलूप दाखवलं. "पासपोर्ट घेऊन गेली. हे बघा, चक्क तोडलंय." बायकोचा पासपोर्ट कुलपात का होता, हे मी तिथेच विचारायला हवं होतं. मी नुसतं टिपून घेतलं.

स्वयंपाकघरात मसाल्याच्या बरण्यांमागे एक वही सापडली. ती त्याने कधी पाहिलेली नव्हती. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सिया या जुन्या शहरात दोघं जाणार होती, व्हिसे झाले होते, आणि महिन्यापूर्वी त्याने ऐन वेळी ट्रिप कॅन्सल केली होती. वहीत तिने तिथली ठिकाणं लिहिली होती. वर मथळा, 'बघायचंच'. वेशीवरचे दोन बुरूज, पूर्वी यात सरदारांना कैदेत ठेवत. कॅथेड्रलचा मनोरा, दोनशे सात पायऱ्या, पाण्याची बाटली घेणे. रेशीम व्यापाऱ्यांचा दगडी दिवाणखाना, खांबांना पीळ आहे म्हणे. जुनी मंडई. गावाबाहेरचं तळं, संध्याकाळी होडी. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित: 'पाण्याचं न्यायालय. गुरुवारी दुपारी बारा, कॅथेड्रलच्या दाराशी. पाटाच्या पाण्याचे तंटे, शेतकरीच न्यायाधीश, सगळं तोंडी. बाबांना फोन करून सांगायचं.' तिचे वडील पाटबंधारे खात्यात होते, हे मला नंतर कळलं.

वही मी पुराव्यात जमा केली.

सोमवारी सकाळी निनावी फोन आला. बाईचा आवाज, मागे कुकरची शिट्टी. "तिच्या मैत्रिणीला विचारा. नागपूरची आहे, युनिव्हर्सिटीत पीएचडी करते. आम्ही सांगितलं म्हणून सांगू नका हं."

त्या नागपूरच्या मुलीला बोलावलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली. "काका, मला लॉयर लागेल का?"

"लॉयर कशाला गं? तू काय गुन्हा केलायस? चहा घेतेस?"

तासभर ती 'मला नाही माहीत' एवढंच म्हणत राहिली. मग मी फाइल मिटली आणि खुर्ची तिच्या बाजूला ओढली. "जाऊ दे. मी आणि तुझी काकू स्पेनला जायचं म्हणतोय. त्या व्हॅलेन्सियात बघण्यासारखं काय आहे?"

ती हसलीच. "काय वाईट अ‍ॅक्टिंग करता हो काका!" आणि हसता हसता रडायला लागली.

मग सगळं आलं. "मीच ड्राइव्ह करून एअरपोर्टला सोडलं तिला. माझी ताई तिथे रिसर्च करते, तिच्याकडे आहे. रोज एक ठिकाण बघते आणि मला एक ओळ मेल करते. मनोरा चढली, मंडई झाली. ते पाण्याचं कोर्ट तेवढं राहिलंय, या गुरुवारी जाणारे." डोळे पुसून तिने माझ्याकडे पाहिलं. "काका, त्याला नाही ना सांगणार? तो मारतो तिला."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

तिच्यासमोरच मी स्पेनला फोन लावला. ती हरवलेली बायको स्वतः बोलली. "मी ठीक आहे. स्वतःहून आले. मी कुठे आहे ते कुणाला सांगू नका, प्लीज." आमचा नियमही तोच. सज्ञान व्यक्ती राजीखुशीने गेली असेल, तर घरच्यांना ती सुखरूप असल्याचं सांगायचं, ठिकाण सांगायचं नाही.

मंगळवारी सकाळी नवरा आईला घेऊन आला. ती बाई माझा हात धरून रडली. "उचलला असेल हात एखाद्या वेळी. म्हणून काय संसार मोडायचा? या परक्या देशात तुम्हीच काय ते आपले."

"ती सुखरूप आहे," मी म्हणालो. एवढंच बोलायची मुभा होती. मग वही परत केल्याच्या फॉर्मवर त्याची सही घेतली, शेवटचं पान उघडलं आणि त्या गुरुवारच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे नीट वाच."

पत्ता मी दिला नाही, वही त्यांच्याच घरातली होती, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर तो संसार मला सांधायचा होता. त्याचा व्हिसा अजून चालू होता. गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी, पर्यटकांच्या गर्दीत, त्याने तिचं मनगट धरलं आणि तिच्या वडिलांना फोन लावून तिच्या कानाशी धरला. ती परत आली. त्या वर्षी गणपतीत त्याच्या आईने चारचौघांत मला ओवाळलं. मी मान खाली घालून ओवाळून घेतलं.

अकरा महिन्यांनी हॉस्पिटलने मराठी जाणणारा अधिकारी मागवला. तिचं डावं मनगट मोडलेलं होतं. नवऱ्याला अटक झाली होती. मी जबाब घेतला, तिने सही केली आणि म्हणाली, "काका, एकच विचारते. मी गुरुवारी तिथे असेन हे मी, माझी मैत्रीण आणि तिची ताई, आम्हा तिघींशिवाय तुम्हालाच माहीत होतं. तुम्ही सांगितलंत?"

"नाही."

"मग मैत्रिणीनेच," ती म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

पुढे ती नवऱ्यापासून सुटली, गाव सोडून गेली. नागपूरची मुलगी आता दूर अ‍ॅशबर्न गावी असते. तिने एकदा मला फोन केला होता. "काका, ती माझा फोनच घेत नाही. मी काय केलं हो?" मी म्हणालो, "वेळ जाऊ दे."

चौकशीच्या खोलीत संशयिताशी खोटं बोलण्याची कायदा आम्हाला मुभा देतो. मी मात्र खाटेवरच्या फिर्यादीशी खोटं बोललो, तेही स्वतःला वाचवायला. चौकशीत लोक का बोलतात, हे मला नोकरीत शिकवलं गेलं. या प्रकरणाने शिकवलं ते वेगळं. ती पोर माझ्याशी बोलली ती मी पोलीस म्हणून नाही, काका म्हणून. आणि त्या म्हातारीने मला आपला म्हटलं, तेव्हा मी पोलीस राहिलो नाही. दोन्ही वेळा किंमत तिसरीनेच, त्या पळालेल्या बायकोनेच मोजली.

हे छापून येईल. त्या दोघी मैत्रिणींपैकी कोणी वाचेल, न वाचेल. पण छापणं म्हणजे सांगणं नव्हे. मी त्या दोघींचं एक वाक्य देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही: तिने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं.